आर-१३४ए भरूनही केबिन गार होत नाही : जुन्या ट्रॅक्टरच्या एसीचं निदान

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच क्रमाने येते. ट्रॅक्टर सत्तर-ऐंशीच्या दशकातला, अमेरिकी बनावटीचा, केबिनवाला : जॉन डिअर ४४३०, ४४४०, ४४५० किंवा इंटरनॅशनल १०८६. एसीतला मूळचा गॅस आर-१२. कधीतरी तो काढून त्याच्या जागी आलेला आर-१३४ए भरला. पहिल्या दिवशी झकास. मग सकाळी गार आणि दुपारी कोमट. गेज लावला तर हाय साइड (कंप्रेसरनंतरची, जास्त दाबाची बाजू) ३२० पीएसआयच्या वर. पुढच्या उन्हाळ्यात गॅस कमी, म्हणून आणखी एक डबा. दोन-तीन हंगामांत कंप्रेसर जाम, आणि नवा कंप्रेसर बसवला की तोही त्याच वाटेने.

महाराष्ट्रात एसी केबिनचे ट्रॅक्टर आले तेच आर-१३४ए घेऊन, त्यामुळे हा प्रश्न इथल्या शेतात फारसा भेटत नाही. पण जुनी कॉन्टेसा किंवा प्रीमियर ११८एनई जपणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. खालचं बहुतेक निदान तिथेही लागू पडतं.

दोष बहुतेक वेळा नव्या गॅसच्या माथी मारला जातो. गॅस बदलल्याने दाब किती वाढतो ते बघा. कंडेन्सरमध्ये (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत) ५० अंश सेल्सिअसला आर-१२ चा दाब साधारण १६२ पीएसआय, आर-१३४ए चा १७७. ६० अंशाला २०६ विरुद्ध २२९. म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. ठीकठाक यंत्रणा एवढं पचवते. पण कंडेन्सर अर्धा बुजलेला असेल, पंखा ढिला असेल, गॅस जुन्या आकड्याने भरला असेल, तर हे दहा टक्के पेलायला जागाच उरत नाही. गॅस बदलताना यंत्रणेत जे जुनं राहून गेलं, ते आधी शोधायचं.

गेज लावण्याआधी

पहिला संशयित हीटरचा पाण्याचा वॉल्व्ह. केबिनच्या पेटीत हीटरची कॉइल आणि कूलिंग कॉइल शेजारी-शेजारी असतात. वॉल्व्ह जुना झाला की नॉब पूर्ण बंद करूनही थोडं गरम पाणी हीटरमधून फिरत राहतं, आणि गार झालेली हवा लगेच तापते. लक्षण फसवं आहे : इंजिन थंड असताना एसी उत्तम, इंजिन तापलं की कोमट. यालाच लोक ‘गॅस कमी पडतोय’ समजतात. चाचणी सोपी. इंजिन पूर्ण तापू द्या, व्हेंटमध्ये थर्मामीटर ठेवा, मग हीटरच्या दोन्ही होज चिमट्याने हलकेच दाबून बंद करा. तापमान काही मिनिटांत चार-सहा अंशांनी उतरलं तर गॅसला हात लावायची गरजच नाही. नवा वॉल्व्ह टाका, किंवा इंजिनाकडून येणाऱ्या होजमध्ये साधा बॉल वॉल्व्ह बसवून उन्हाळाभर बंद ठेवा.

दुसरा कंडेन्सर. तो रेडिएटरच्या पुढे असतो आणि समोरून स्वच्छ दिसतो. कचरा असतो तो मध्ये : कंडेन्सरच्या मागच्या अंगाला आणि रेडिएटरच्या तोंडावर भुशाची गादी जमते. तेल-धुळीने ती चिकटलेली असेल तर समोरून हवा मारल्याने ती आणखी घट्ट बसते. कंडेन्सर सुटा करून पुढे ओढा आणि हवा किंवा कमी दाबाचं पाणी मागून पुढे मारा. वाकलेले फिन्स फिन-कंगव्याने सरळ करा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या गेल्या असतील तर नव्या लावा. त्या नसल्या की ट्रॅक्टर एका जागी उभा राहून पीटीओवर (मागच्या शाफ्टने अवजार फिरवण्याचं) काम करताना इंजिनाची गरम हवा कडेने फिरून पुन्हा कंडेन्सरमध्ये शिरते.

मग पंखा, पट्टा, केबिनचा फिल्टर, ब्लोअर. फिल्टर काढून दोन मिनिटं चालवून बघा. हवा एकदम वाढली तर उत्तर सापडलं. कंप्रेसरच्या क्लचला इंजिन चालू असताना पूर्ण व्होल्टेज मिळतं का तेही मोजा. दाब वाढल्याने क्लचवरचा ताण वाढतो, आणि जुना, जास्त गॅप असलेला क्लच दुपारच्या उन्हात घसरायला लागतो. गॅप ०.५ ते ०.८ मिमीच्या आसपास हवी. नेमका आकडा त्या कंप्रेसरच्या पुस्तकातून घ्या.

आता गेज

दोन मोजण्या घ्यायच्या. पहिली बंद स्थितीत. ट्रॅक्टर रात्रभर सावलीत उभा असावा, सकाळी ऊन लागायच्या आत गेज लावायचा. यंत्रणेत थोडासा जरी द्रव गॅस असेल तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. शुद्ध आर-१३४ए साठी २० अंशाला ६८ पीएसआय, २५ ला ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४. २५ अंशाला गेज ९५ दाखवत असेल तर आत हवा आहे किंवा गॅसमध्ये दुसरा गॅस मिसळलाय. आर-१२ चे अवशेष राहून त्यावर आर-१३४ए भरला की असं होऊ शकतं. या दोघांचं मिश्रण एकट्या-एकट्यापेक्षा जास्त दाब दाखवतं. याउलट गेज तक्त्याच्या बराच खाली असेल तर द्रव गॅस उरलेलाच नाही, म्हणजे गळती मोठी आहे. एक लक्षात असू द्या : गॅस जास्त भरलाय का, हे बंद स्थितीतल्या दाबावरून कधीच कळत नाही.

दुसरी मोजणी चालू स्थितीत. इंजिन १५०० ते २००० आरपीएम, ब्लोअर पूर्ण, दारं उघडी, दहा मिनिटं थांबून मग वाचायचं. बाहेर ३५ अंश असताना लो साइड (कंप्रेसरकडे परतणारी, कमी दाबाची बाजू) २५ ते ४० आणि हाय साइड २१० ते २४० असेल तर काम बरं चाललंय. जुन्या नळी-फिन प्रकारच्या कंडेन्सरला २७० पर्यंत जायची मुभा द्या. ३०० च्या पुढे मात्र कारण शोधल्याशिवाय चालवू नका.

हाय जास्त, लो पण जास्त : उष्णता बाहेर टाकली जात नाही, किंवा गॅस जादा आहे, किंवा आत हवा आहे. कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. हाय साइड पन्नास-साठ पीएसआयने पडून व्हेंट लगेच गार झाला, तर कंडेन्सरकडची बाजू कमी पडतेय एवढं नक्की. जादा गॅसवरही फवाऱ्याने थोडा फरक पडतो, त्यामुळे दोन्हींत निवाडा एकच : गॅस रिकव्हरी मशीनने काढून वजन करा.

लो शून्याकडे किंवा व्हॅक्यूममध्ये, हाय साधारण किंवा कमी : एक्स्पान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये मोजून गॅस सोडणारा) अडकलाय. वॉल्व्हच्या तोंडाशी दव किंवा बर्फ दिसेल. एसी वीस मिनिटं चालून बंद पडत असेल, दहा मिनिटं विश्रांती दिली की पुन्हा चालत असेल, तर आत पाणी आहे आणि ते वॉल्व्हच्या छिद्राशी गोठतंय. विश्रांतीनेही सुटत नसेल तर वॉल्व्हच्या जाळीत काळा गाळ किंवा ड्रायरमधले (ओल शोषणाऱ्या डब्यातले) दाणे.

लो जास्त, हाय कमी : कंप्रेसर आतून दमलाय. पण त्याआधी एक्स्पान्शन वॉल्व्हचा तापमान ओळखणारा बल्ब बघा. तो कॉइलच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर घट्ट बसलेला आणि कॉर्क टेपने झाकलेला हवा. क्लिप ढिली असली की वॉल्व्हला नळी गरमच वाटते, तो उघडाच राहतो, आणि द्रव गॅस कंप्रेसरपर्यंत पोचतो.

काच बघून गॅस भरणे

वारंवार होणाऱ्या बिघाडाचं सगळ्यात मोठं कारण हेच. या ट्रॅक्टरांच्या ड्रायरवर किंवा लिक्विड लाइनमध्ये आतला गॅस दिसावा म्हणून काच असते. आर-१२ च्या काळात बुडबुडे जाईपर्यंत गॅस भरायचा, काच स्वच्छ झाली की थांबायचं, हा हातखंडा होता आणि तो बरोबर होता. खनिज तेल आर-१२ मध्ये चांगलं विरघळायचं, त्यामुळे काच खरं बोलायची. आर-१३४ए सोबत एस्टर किंवा पॅग हे कृत्रिम तेल असतं. गॅस बरोबर असतानाही काचेत फेस किंवा दुधी झाक दिसू शकते. ती जाईपर्यंत भरत राहिलं की गॅस सहज पाव किलो जादा होतो. जादा द्रव कंडेन्सरच्या तळाशी साठतो, वाफेचा द्रव व्हायला जागा उरत नाही, दाब चढतो, क्लच घसरतो, प्रेशर स्विच तोडतो. मग कुणीतरी म्हणतं, गॅस कमी पडतोय.

म्हणून काचेकडे दुर्लक्ष करा आणि वजनावर भरा. आर-१२ च्या मूळ वजनाचे ९० टक्के घ्यायचे आणि त्यातून ११० ग्रॅम वजा करायचे. पाटीवर किंवा पुस्तकात २ किलो लिहिलं असेल तर १.८ किलो, त्यातून ११० ग्रॅम गेले, म्हणजे १.६९ किलो. हा अंदाजाचा आकडा, शेवटचा शब्द नाही. त्याच्या थोडं आधी, १.६ किलोवर थांबायचं, गेज आणि व्हेंटचं तापमान बघायचं, मग ३०-३० ग्रॅमने पुढे जायचं. व्हेंट आणखी गार व्हायचा थांबला आणि हाय चढायला लागला की पुरे. नवा पॅरलल-फ्लो (अनेक बारीक समांतर नळ्यांचा) कंडेन्सर टाकला असेल तर मूळ आकडा विसरा. त्याच्या पोटात गॅस कमी मावतो, तिथे अंदाज आणखी खाली धरून हळूहळू वर या.

तेल

जुनं खनिज तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं आणि कंप्रेसरकडे परतत नाही. कंप्रेसर कोरडा चालतो, ॲल्युमिनियम झिजतं, त्याची काळी पेस्ट सगळ्या यंत्रणेत फिरते. नवा कंप्रेसर बसवूनही तो जातो तो या गाळामुळे.

आर-१२ वरून आर-१३४ए वर रूपांतर करताना एस्टर तेल घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पॅग वंगण म्हणून उत्तम आहे, पण आर-१२ मागे ठेवून गेलेल्या क्लोरीनच्या अवशेषांशी त्याचं पटत नाही, आणि तो हवेतली ओल भराभर ओढतो. उघडा डबा रात्रभर टपरीत राहिला की गेला. एस्टर थोडं जास्त सहनशील. नवा कंप्रेसर, नवा कंडेन्सर आणि पूर्ण फ्लश केलेली (आतून धुतलेली) कॉइल असेल तर कंप्रेसरवाल्याने सांगितलेलं पॅगच टाका. दोन्ही मिसळू नका.

किती टाकायचं हे कंप्रेसरवर ठरतं. जॉन डिअरच्या या काळातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर हॅरिसनचा ए६ कंप्रेसर आहे. मोटारींत त्या कंप्रेसरच्या यंत्रणेला एकूण ३०० मिलीच्या आसपास तेल धरतात. ट्रॅक्टरच्या लांब नळ्यांसाठी पुस्तकातला आकडा घ्या. फक्त भाग बदलला असेल तर ड्रायरला ३० मिली, कंडेन्सरला ३०, कॉइलला ६० ते ९०. तेल ओतल्यावर पट्टा चढवण्याआधी क्लचची पुढची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवा. सिलिंडरात साठलेलं तेल एकदम दाबलं गेलं तर वॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात.

ए६ चा आणखी एक स्वभाव : शाफ्ट सील गळतं. हूड उघडा आणि क्लचच्या समोरच्या पत्र्यावर बघा. तेलकट रेघ गोल फवारल्यासारखी उमटलेली असेल तर सील गेलंय. त्यासाठी डबल-लिप सील मिळतं, रूपांतर करताना तेच टाकावं. ट्रॅक्टर हिवाळाभर उभा राहिला की सील कोरडं पडतं आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गॅस सोडतं. गोठ्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा कंप्रेसरही महिन्यातून एकदा पाच मिनिटं फिरायला हवा. फार थंडीत लो-प्रेशर स्विच तो चालू होऊ देणार नाही, तेव्हा त्यातल्या त्यात ऊबदार दुपार गाठा.

ड्रायर, ओरिंग, होज

ड्रायर बदलायचाच, त्यात काटकसर नाही. आर-१२ च्या जुन्या ड्रायरमधले दाणे एक्सएच-५ जातीचे असतात. आर-१३४ए आणि नव्या तेलात ते टिकत नाहीत, चुरा होऊन वॉल्व्ह बुजवतात. एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ वाला घ्या आणि व्हॅक्यूम लावायच्या अगदी आधी त्याची टोपणं काढा. सकाळी टोपणं काढून दुपारी बसवलेला ड्रायर ओलच घेऊन आत जातो.

ओरिंग जिथे जिथे जोड उघडला तिथे नव्या, एचएनबीआर रबराच्या, बसवताना तेल लावून. रंग हिरवा म्हणजे एचएनबीआर असं नाही, पाकिटावर बघून घ्या.

होजचं थोडं वेगळं. आर-१३४ए चा रेणू लहान, आणि जुन्या होजला आतून बॅरिअरचा थर नसतो, म्हणून गॅस रबरातून हळूहळू झिरपतो. मात्र वर्षानुवर्षं खनिज तेल मुरलेला होज बराच गॅस अडवतो, त्यामुळे चांगल्या स्थितीतले सगळे होज सरसकट फेकायची गरज नाही. चिरा, तेलकट क्रिंप (टोकाचा दाबून बसवलेला जोड), फुगवटा दिसला की बदला, आणि बदलताना बॅरिअर होजच घ्या. दरवर्षी थोडा गॅस कमी होत असेल आणि डिटेक्टरला एकही ठिकाण सापडत नसेल, तर होज हेच उत्तर.

स्क्रू-ऑन ॲडॅप्टरही तपासा. आर-१२ चे पोर्ट आट्यांचे, आर-१३४ए चे क्विक-कपलर, लो साइडला १३ मिमी आणि हायला १६ मिमी. हलक्या ॲल्युमिनियमच्या ॲडॅप्टरमधून गॅस सुटतो. आतला जुना वॉल्व्ह कोअर बदलून, थ्रेड-लॉक लावून बसवा आणि टोपणं नेहमी घट्ट लावा.

पुन्हा नीट करायचं तर

रिकव्हरी मशीनने सगळा गॅस काढा. अमेरिकेत आर-१२ हवेत सोडणं १९९२ पासून बेकायदेशीर आहे, आर-१३४ए सोडणं १९९५ पासून. मिसळलेला गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये घ्या, तो पुन्हा वापरता येत नाही. कंप्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह सुटे करूनच बाकीच्या नळ्या आणि कॉइल फ्लश करा, फ्लशचा द्रव या तिघांतून जाता कामा नये. नंतर कोरड्या नायट्रोजनने सगळं उडवा, वास येईनासा होईपर्यंत. काळा गाळ निघाला आणि कंडेन्सर पॅरलल-फ्लो असेल तर तो साफ होत नाही, नवा घ्या. नळी-फिन प्रकारचा फ्लश होतो.

गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनवर, १५० पीएसआयच्या आत, साबणाच्या पाण्याने. हवा भरायच्या कंप्रेसरने कधीच नको. एक तर त्यातून ओल जाते, शिवाय आर-१३४ए दाबाखालच्या हवेशी मिसळला तर पेट घेऊ शकतो.

व्हॅक्यूम किमान ४५ मिनिटं, ओल शिरल्याची शंका असेल तर दोन तास. मायक्रॉन गेज (खोल व्हॅक्यूम मोजणारा) असेल तर ५०० च्या खाली न्या, पंप बंद करून अर्धा तास थांबा, वर चढतो का बघा. नुसता सुईचा गेज असेल तर उंचीचा हिशेब धरा. समुद्रसपाटीला २९ इंच येईल, दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी. मैलभर उंचीवरच्या डेन्व्हरला २४-२५ च्या आसपास दिसलं म्हणून पंप खराब ठरत नाही.

यंत्रणेला प्रेशर रिलीफ वॉल्व्ह असेल तर अमेरिकेतल्या नियमानुसार रूपांतर करताना हाय-प्रेशर कट-ऑफ स्विच बसवावा लागतो. नियम नसला तरी बसवावाच, कंप्रेसर वाचतो. लो-प्रेशर स्विच जुन्या आकड्यावर लवकर तोडत असेल तर त्यालाही समजून घ्या : ० अंशाला आर-१२ चा दाब ३० पीएसआय, आर-१३४ए चा २८.

काय भरू नये

आर-२२ नको. ५० अंशाला त्याचा दाब २६५ पीएसआयच्या पुढे जातो, हे होज आणि जोड त्यासाठी बनलेलेच नाहीत. ‘थेट भरा, तेल बदलायची गरज नाही’ म्हणून विकले जाणारे हायड्रोकार्बन गॅस गार करतात, चांगलं करतात, पण ते प्रोपेन-ब्युटेनच आहेत. कूलिंग कॉइल ड्रायव्हर बसतो त्याच बंद केबिनमध्ये असते. अमेरिकेत आर-१२ च्या जागी ते वापरायला परवानगी नाही. आर-१२३४वायएफ चांगला असला तरी जुन्या यंत्रणेत घालण्यासाठी नाही, तोही मंद ज्वलनशील आहे आणि महाग. गळती बंद करणारे सीलंटचे डबे तर हातातही घेऊ नका. ओल लागली की ते घट्ट होतात आणि वॉल्व्हसोबत पुढच्या मेकॅनिकचं रिकव्हरी मशीनही बुजवतात.

काम झालं की कंप्रेसरजवळ लेबल चिकटवा : आर-१३४ए, किती ग्रॅम, कोणतं तेल, किती मिली, तारीख. हेही अमेरिकेतल्या नियमात आहे. पाटीवरचा आर-१२ चा जुना आकडा लेबलनेच झाकून टाका. नाहीतर पुढचा माणूस तोच वाचून दोन किलो भरेल.